धोंडिबाच्या कानातलं विमान

औरंगाबादेला लेणी पाहायला जाणारी मंडळी जालन्याच्या पुढे सहसा जात नाहीत. पुढे काय आहे, असं कुणी मला विचारलं असतं तर मीही ‘काही नाही’ असंच सांगितलं असतं. मी दापोलीकडचा. लष्करी विमानांची इंजिनं दुरुस्त करणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. परभणी जिल्ह्यातल्या करंजवाडी नावाच्या गावी मी गेलो, कारण पुण्याच्या आमच्या तळावरचं एक हार्वर्ड विमान इंजिन बिघडल्यामुळे तिथल्या पडीक रानात उतरलं होतं. पायलटला खरचटलंही नव्हतं. पण विमान तिथून आपल्या पायांनी निघणार नव्हतं, म्हणून सार्जंट कुरियन आणि मी असे दोघे सामानाचा ट्रक घेऊन निघालो.

तिथे जे घडलं ते नीट कळायचं तर आधी आमच्या कानांविषयी दोन शब्द सांगायला हवेत. ज्यांनी विमान फक्त आभाळात पाहिलं आहे त्यांना सगळ्या विमानांचा आवाज सारखाच वाटतो. आमचं तसं नसतं. डाकोटाची दोन इंजिनं कधीच नेमकी एका सुरात लागत नाहीत, त्यामुळे तिचा आवाज भरतीच्या लाटेसारखा चढत-उतरत येतो. स्पिटफायर तंबोऱ्यासारखं एका सुरात घुमत जातं. हार्वर्डचं इंजिन तसं गरीब, पण उड्डाण करताना त्याच्या पंख्याची टोकं इतक्या वेगानं फिरतात की जाड पत्रा करवतीनं कापावा तसं ते किंचाळतं. आणि टेंपेस्ट. अठरा सिलिंडरचं धूड, पण लांबून नुसती शीळ ऐकू येई. डोक्यावरून गेलं की तो आवाज कानांऐवजी पोटात घुमे. टेंपेस्टवर मी काही वर्षं काम केलं. माझा जीव होता त्या इंजिनावर. पुढे ती सगळी विमानं मोडीत निघाली आणि आमच्या तळावर तो आवाज बंद झाला.

देवगाव फाटा

जालना सोडलं आणि मुलूख सपाट आणि काळा होत गेला. आमच्याकडे माती तांबडी, डोंगर अंगावर आलेले, दहा पावलांवर घर. इथे नजर जाईल तिथवर शाळू ज्वारीचं हिरवं रान, मधूनच करडईचे पिवळे पट्टे, आणि आभाळ इतकं मोठं की त्याच्याखाली उगाच बोलावंसं वाटत नाही. पौषाचे दिवस होते. सकाळी ट्रकच्या काचेवर दव साचायचं आणि दुपारी ओठ फुटायचे.

निजाम जाऊन काही वर्षं झाली होती, पण हा मुलूख अजून हैद्राबाद राज्यातच होता आणि लोकांच्या बोलण्यात तो ठायीठायी लागे. फाट्यावर चहाची एक झोपडी होती. मालकानं आमचे कपडे पाहिले आणि न विचारता सांगितलं, “तुमचं इमान खुशाल हाय बगा. फिकीर करू नका. करंजवाडीवाल्यायनं बंदोबस्त ठिवलाय.”

“तुम्ही पाहिलं का?” मी विचारलं.

“सारा तालुका बगून आला. मी दोनदा गेलतो.”

त्यानं मिरच्यांची भजी दिली. कुरियन केरळचा, तिखटाला घाबरणारा नव्हे. पण तिसऱ्या भज्यानंतर तोही तांब्या शोधू लागला. मालक म्हणाला, “ह्ये तर पाव्हन्यासाटी कमी तिखट केल्यालं हाय.”

फाट्यापासून पुढे गाडीवाट. तीन कोसांवर एका नाल्यात ट्रकचं मागचं चाक वाळूत रुतलं. आम्ही फळ्या घातल्या, दगड घातले, शिव्याही घातल्या. शेवटी मानवतच्या बाजाराला कापूस घेऊन निघालेल्या दोन गाडीवानांनी आपले बैल सोडले आणि आमच्या ट्रकला जुंपले. ट्रक बाहेर निघाल्यावर त्यातला एक जण बैलाच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “आता हे बी सांगंल, मी इमान वढलं म्हनून.” त्यांनी आमचा चहासुद्धा घेतला नाही. बाजार गाठायचा होता.

करंजवाडीचा पाहुणा

विमान गावाबाहेर बाभळीजवळच्या पडीक रानात उभं होतं. नाकावर हळदकुंकू, पंख्याला करडईच्या फुलांची माळ, चाकांभोवती सडा घातलेला. उजव्या पंखाच्या टोकाशी एक बारीक नळी पुढे आलेली असते, तिच्यावरून विमानाचा वेग कळतो. त्या नळीवर कुणीतरी धोतर वाळत घातलं होतं. कुरियननं कपाळाला हात लावला. धोतराचा मालक शांतपणे आला, घडी घालून घेऊन गेला.

पायलट बेदी पंजाबी, वयानं कोवळा. मारुतीच्या देवळात त्याचा मुक्काम होता आणि एवढ्या दिवसांत तो भाकरी कुस्करून खायला शिकला होता. गावचे पाटील मारोतराव त्याची बडदास्त ठेवत होते. आम्ही आल्याच्या आनंदात त्यांनी मुद्दाम भात शिजवायला लावला. इकडे भात म्हणजे सणाचं जेवण. मी जन्मभर भात खाल्लेला माणूस, आणि माझा सगळा जीव त्या शेजारच्या पंक्तीतल्या ज्वारीच्या भाकरीवर, अंबाडीच्या भाजीवर आणि जवसाच्या चटणीवर. पण पाहुण्याला भाकरी वाढली तर घराचा कमीपणा, म्हणून दुसऱ्या दिवशीपर्यंत मला भातच खावा लागला. मासे मिळतात का, असं मी सहज विचारलं, तर मारोतरावांनी दोन माणसं दुधना नदीकडे पाठवायची तयारी केली. मी कसंबसं थांबवलं.

जेवताना ते विमान उतरल्याची हकिगत सांगू लागले. “खोकत आलं बगा. दमल्याल्या बैलावानी. आमाला वाटलं, आता पडतंय. तर असं अल्लाद बसलं.” मग म्हणाले, “पन सायेब, आमाला इमानाच्या आवाजाची भीती न्हाई. पोलीस ॲक्शनच्या वक्ताला लय दिस आमी रझाकाराच्या भ्यानं घरात कोंडून बसलो व्हतो. अन् एक दिस वरून आवाज आला. मी आंगनात आलो. चार म्हैन्यात पैल्यांदा आंगनात आलो. त्यो आवाज म्हंजी आमाला देवाची घंटी.”

मला फार बरं वाटलं ते ऐकून. आमच्या कामाचं असं कौतुक सहसा कानावर येत नाही.

इंजिनाचं निदान सोपं होतं. एका सिलिंडरच्या डोक्याला तडा गेला होता. म्हाताऱ्या इंजिनाला होतं तसं. नवा सिलिंडर आम्ही आणलाच होता. अडचण निराळी निघाली. बेदी पावलं मोजत रानाच्या टोकापर्यंत गेला आणि डोकं खाजवत परत आला. उतरताना जमलं ते उडताना जमणार नव्हतं. पडीक रान आखूड पडत होतं. पुढे लागून शाळूचं उभं पीक होतं. त्यातला पट्टा कापून मिळाला तरच विमान उडणार. नाहीतर पंख सोडवून सगळं धूड त्या नाल्यांतून ट्रकवर न्यायचं.

“रान कोणाचं?” मी विचारलं.

मारोतरावांचा चेहरा जरा उतरला. “गोदाबाईचं. धनगराची विधवा हाय. म्या विचारलं. आमी समदे आपापल्या खळ्यावरून तिला जवारी भरून देतो म्हनलो. तरी न्हाईच म्हनायली. पन तुमी काळजी करू नका, सरकारी काम हाय, न्हाई म्हनून सांगल कोनाला.”

मी हे बेदीला समजावून सांगितलं. तो लगेच म्हणाला, “जबरदस्ती करायची नाही. पंख सोडवावे लागले तरी चालेल. सावंत, तुला मराठी येतं. तू जाऊन बोल.”

गोदाबाईचं रान

गोदाबाई रानाच्या कडेला शेळीच्या करडांना पाला तोडून देत होती. चाळिशीची, उंच, आवाज हळू. मी नाव सांगितलं. तिनं घोंगडीचा कोपरा झटकून मला बसायला दिला.

“वहिनी, पीक जायचं म्हणजे वाईट वाटणारच,” मी सुरुवात केली.

“जवारीचं काय न्हाई हो, सायेब. हुरड्याला आलीय. चार मानसं खातील, धांडं जनावराला होतील. पाटील बी मानूस खोटा न्हाई. माजं म्हननं येगळंच हाय.”

“काय आहे?”

“त्या आवाजाचं हाय.”

मग तिनं सांगितलं. मधे मधे करडांना हाकारत, जणू दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं.

ॲक्शनच्या दिवसांत, भाद्रपदात, तिचा नवरा महादू आणि दीर धोंडिबा मेंढरं घेऊन ओढ्याच्या काठाला होते. ओढा भरून वाहत होता. एक विमान अगदी खालून गेलं. कुणाचं, कुठून कुठे चाललेलं, ते कुणालाच कधी कळलं नाही. मेंढरं उधळली आणि थेट पाण्यात शिरली. महादू त्यांना वळवायला पुढे झाला. धोंडिबा काठावर राहिला.

“मेंढरं थोडी निगाली,” ती म्हणाली. “मालक न्हाई निगाला.”

करडाच्या तोंडाशी पाला धरून तिनं पुढचं सांगितलं. “तवापासून इमान वाजलं की माजा दीर उठतो अन् चालाय लागतो. कुटं जायलाय त्येचं त्येला मालूम नसतं. ह्ये तुमचं इमान उतरलं तवा बी गेला. जिंतूरच्या वाटंला एका मळ्यात बसल्याला घावला. काल आनलाय. आता तुमी ह्येला सुरू करनार. एकडाव न्हाई, धा डाव करनार. मी म्हनते, त्येला मानवतला माज्या भावाकडं धाडते अन् मंग काय ते करा. तर त्यो मेंढरं सोडून जाईना.”

काल रात्री मारोतरावांच्या देवाच्या घंटेनं माझी छाती फुगली होती. हा तोच आवाज होता, आणि बहुधा त्याच दिवसांतला.

“वहिनी,” मी म्हटलं, “तुम्हांला आधी सांगितल्याशिवाय इंजिन चालू होणार नाही. हा माझा शब्द. आणि त्यांना एकदा माझ्याकडे पाठवा. काम बघायला. इंजिन बंदच असेल.”

“त्यो येनार न्हाई,” ती म्हणाली.

पण तो आला. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही सिलिंडर चढवायला तीन बाभळीच्या खोडांचं तिकाटणं उभारून त्याला साखळी बांधत होतो, तेव्हा बांधापलीकडे एक माणूस काठीवर हनुवटी टेकून उभा होता. मागे मेंढरं चरत होती. मी हात पुसले आणि बांधापाशी जाऊन बसलो. तोही थोड्या अंतरावर बसला.

मग विमानाकडे काठी दाखवून त्यानं विचारलं, “ह्ये त्येच हाय का?”

“नाही. हे वेगळं.”

“कशावरनं म्हंता?”

“आवाजावरून. तुम्ही ऐकलं ते कसं वाजत होतं?”

मला वाटलं, तो उठून जाईल. त्यानं डोळे मिटले. आधी ओठांतून एक बारीक शीळ आली, लांबून यावी तशी. ती वाढली नाही, नुसती जवळ आली. मग ती घशात उतरली, छातीत उतरली, आणि शेवटी जाड चादर फाटावी तसा एक आवाज होऊन पुन्हा शिळेत विरून गेली.

तो टेंपेस्ट होता. इतका नेमका, की तिकाटण्याजवळ उभा असलेला कुरियनही मान वळवून आभाळाकडे पाहू लागला.

“धोंडिबा,” मी म्हटलं, “ते विमान मला माहीत आहे. ते आता नाही राहिलं.”

“म्हंजी?”

“मोडीत काढलं. आमच्याकडे होती तेवढी सगळी. भंगारात गेली. आता ती उडत नाहीत.”

“मेलं म्हना की.”

“हो. मेलं.”

त्यानं काठीनं मातीत एक रेघ ओढली, पुसली, पुन्हा ओढली. “मंग मला ऐकू येतंय ते काय हाय? मला तर अजून ऐकू येतंय. आभाळात काय बी नसताना.”

मी विचार करून बोललो नाही, आलं ते बोललो. “मलाही ऐकू येतं. मी त्याच विमानांवर काम करत होतो. कधी कधी जरा शांत असलं की वाटतं, ते आलंच.”

“मंग तुमी पळत न्हाई?”

“नाही. मला बरं वाटतं.”

तो माझ्याकडे टक लावून बघत राहिला. असंही कुणाला वाटत असेल हे त्याच्या ध्यानातच कधी आलं नसावं. मारोतरावांनी त्याला कितीदा सांगितलं असेल, की त्या आवाजानं गाव सुटलं. पण ते बरं वाटणं गावाचं होतं. हे एका माणसाचं होतं.

“त्या वक्ताला बी तुमी तितंच व्हता?” त्यानं विचारलं.

“होतो.”

“मंग ते तुमीच नीट केल्यालं असंल.”

“असेलही. सांगता येत नाही.”

“नीट केल्यालं व्हतं,” धोंडिबा म्हणाला. “ह्येच्यावानी खोकत न्हवतं.”

एवढं बोलून तो उठला आणि मेंढरांमागे निघून गेला. त्यात राग नव्हता. मेंढरं राखणाऱ्या माणसानं दुसऱ्याच्या जनावराविषयी खरं काय ते सांगावं, तसं त्यानं सांगितलं. मी मात्र त्या दुपारी दोनदा चुकीचा पाना उचलला.

काठी वर, काठी खाली

सिलिंडर बसला. सगळं आवळून झालं. विमानाची बॅटरी उतरली होती, कारण बेदीनं पहिल्या दिवशी रेडिओवर हाका मारमारून ती संपवली होती. म्हणजे इंजिन हातानं चालू करणं आलं. हार्वर्डच्या डाव्या अंगाला एक भोक असतं. पंखावर उभं राहून त्यात लोखंडी हँडल घालून फिरवायचं. त्यानं आतलं एक जड चाक फिरू लागतं. त्या चाकाला पुरेसा वेग आला की पायलट ते इंजिनाला जोडतो, पंखा फिरतो आणि नशीब असेल तर इंजिन पेटतं.

शब्दाप्रमाणे मी गोदाबाईकडे निरोप घेऊन गेलो. ती आणि धोंडिबा दोघंही आली. मेंढरं तिनं लांब काट्यांच्या वाड्यात कोंडली होती. सगळं गाव जमलं होतंच. मारोतरावांनी लोकांना दोरीमागे उभं केलं.

कुरियननं हँडल फिरवायला सुरुवात केली. पहिल्यांदा जातं ओढावं तशी नुसती घरघर. मग ती चढू लागली. मी धोंडिबाकडे बघत होतो. त्याची बोटं काठीवर घट्ट झाली, पण तो जागचा हलला नाही. बेदीनं चाक जोडलं. पंखा अर्धा फेरा फिरला आणि बसला. पुन्हा मी फिरवलं. पुन्हा बसला. थंडीत आमच्या शर्टांना घाम फुटला.

तिसऱ्या वेळी आम्ही धापा टाकत उभे असताना धोंडिबा दोरीखालून आला. पंखावर कसं चढायचं ते त्यानं आमचं पाहून ठेवलं होतं.

“द्या हिकडं,” तो म्हणाला.

गोदाबाई एक पाऊल पुढे आली, थांबली.

मेंढपाळाच्या हातांत काय ताकद असते ते मला तेव्हा कळलं. घरघर चढली, चढली, तिची शीळ झाली. ती शीळ त्याच्या कानांजवळून येत होती आणि ती तोच वाढवत होता. “बस,” कुरियन ओरडला. त्याला खाली घेतलं. बेदीनं जोडलं. इंजिनानं एक खोकला दिला, निळा धूर ओकला, आणि पेटलं.

गाव टाळ्या वाजवत होतं. धोंडिबा चालू लागला. पळाला नाही, चालू लागला, बांधापर्यंत गेला आणि तिथे डोक्यावरून घोंगडं ओढून बसून राहिला. गोदाबाई त्याच्याजवळ गेली नाही. त्याला लाज वाटेल म्हणून असावं.

बेदीनं इंजिन बंद केलं. एकदम शांतता झाली. घोंगड्यातून डोकं बाहेर आलं. धोंडिबा उठून सरळ माझ्याकडे आला.

“बंद कोन केलं?”

“साहेबांनी.”

“म्हंजी, बंद कर म्हनलं की बंद व्हतं?”

“होतं.”

तो विमानाकडे पाहत राहिला. इतकी वर्षं तो आवाज त्याच्यावर येत होता, आपल्या मनानं जात होता. “आनिक एकडाव लावा,” तो म्हणाला. “मी काठी वर केली की बंद करा म्हनावं.”

मी बेदीला सांगितलं. तो हसला नाही. त्यानं सलाम ठोकावा तसा हात वर केला. कुरियननं पुन्हा हँडल फिरवलं; इंजिन तापलेलं होतं, आता लगेच पेटलं. धोंडिबा समोरच्या बाजूला, पंख्यापासून लांब, पाय रोवून उभा राहिला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. आवाज वाढला. त्यानं काठी वर केली. इंजिन थांबलं.

“आनिक,” तो म्हणाला.

असं आम्ही किती वेळा केलं ते आठवत नाही. पेट्रोल जपून वापरा म्हणणारा कुरियन एकदाही बोलला नाही. शेवटच्या वेळी धोंडिबानं काठी वर करायला बराच वेळ लावला. तो इंजिन ऐकत उभा होता. मग काठी वर केली, खाली घेतली आणि म्हणाला, “बास.”

गोदाबाई माझ्याजवळ उभी होती. “उद्या कापा जवारी,” ती म्हणाली. “मी बी इळा घेऊन येते.”

उड्डाण

सगळं गाव कापणीला आलं. आमच्याकडे भातकापणी म्हणजे वाकून वाकून कंबरेचा काटा ढिला. इथली ज्वारी डोक्याइतकी उंच, माणूस आत शिरला की दिसेनासा होतो, नुसतं बोलणं ऐकू येतं. दुपारी गोवऱ्या पेटवून त्यांच्या आरात कणसं भाजली. गरम हुरडा तळहातावर चोळून, फुंकर मारून, तिळाच्या चटणीबरोबर खायचा. बेदीनं इतका खाल्ला की मारोतराव म्हणाले, आता इमानाला वजन झेपंल का बगा.

मग ते बाजूला येऊन मला म्हणाले, “सायेब, उडाल्यावर गावावरनं एक चक्कर मारायला लावा. खालनं. लोकं आयुष्यभर सांगतील.” पायलट लोकांना अशी चक्कर मारायला फार आवडतं. बेदीच्या डोळ्यांत ते दिसलंही. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. “सरळ जाईन,” तो म्हणाला. मारोतराव थोडे खट्टू झाले. कारण सांगितल्यावर म्हणाले, “बराबर हाय. ऱ्हाऊ द्या.”

मी धोंडिबाला गाठून सांगितलं, की उद्याचा आवाज कालच्यापेक्षा फार मोठा असेल आणि तो काठीनं थांबणार नाही. त्यानं विचारलं, “किती येळ?”

“नांगराचं एक तास रानाच्या या टोकापासून त्या टोकाला नेता ना, त्याहूनही कमी.”

“मंग मी मेंढराजवळ ऱ्हातो,” तो म्हणाला. “वाड्यात कोंडून न्हाई. कोंडल्याली एकमेकाला चेंगरत्यात. रानात ऱ्हातो.”

सकाळी दव वाळल्यावर बेदी बसला. मेंढरं समोरच्या उतारावर होती, त्यांच्यामध्ये घोंगडं पांघरलेला एक उभा ठिपका. विमानानं कापलेल्या धांडांवरून धाव घेतली आणि हार्वर्डची ती किंचाळी सुटली. मी त्या आवाजाला सरावलेला, पण त्या मोकळ्या रानात माझेही दात शिवशिवले. दोरीमागची माणसं कान झाकून खाली बसली. चाकं सुटली, विमान बाभळीच्या शेंड्यांवरून वर गेलं.

आणि मेंढरं उधळली.

सगळा कळप एका अंगाला झुकला आणि उतारावरून खाली, ओढ्याच्या दिशेनं सुटला. धोंडिबा पळू लागला. “गेला,” कुणीतरी म्हणालं. गोदाबाईनं तोंडावर पदर दाबून धरला. पण तो वाट सोडून, तिरकस, कळपाच्याही पुढे पळत होता. ओढ्याच्या काठाच्या अलीकडे तो वळला, दोन्ही हातांनी घोंगडं पंखांसारखं पसरलं आणि ओरडला. शब्द नव्हता तो, मेंढरांनाच कळणारी हाक होती. पुढची मेंढी त्याच्या पायांशी येऊन थबकली. मागच्या तिच्यावर आदळल्या. कळप भोवऱ्यासारखा गरागरा फिरला, आणि उभा राहिला.

ओढ्याला त्या दिवसांत घोट्याएवढंच पाणी होतं. कळप आत गेला असता तरी काही झालं नसतं. हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी दोरीमागची सगळी माणसं उठून उभी राहिली होती.

बेदी सरळ गेला. आवाज बारीक होत पुण्याच्या दिशेनं विरला. धोंडिबा कळपात उभा राहून तो पार संपेपर्यंत ऐकत होता.

आम्ही सामान ट्रकमध्ये भरलं. निघण्याआधी गोदाबाईनं आम्हांला रानातच जेवायला बसवलं. कापलेल्या पट्ट्याच्या कडेला तीन दगडांची चूल, मेंढीच्या दुधाचा चहा, लसणाचं तिखट आणि तव्यावरून थेट हातावर पडणारी भाकरी. भात नव्हता. मारोतराव माझ्याशेजारी बसले. धोंडिबा मेंढरं सावलीला बसवून आला, हात धुतले आणि आमच्यात बसला. दुसरी भाकरी मोडता मोडता म्हणाला, “वैनी, उद्या मेंढरं वढ्याच्या पल्याड न्हेतो. तिकडं पाला लय हाय.”

भाकरी थापणारा गोदाबाईचा हात थांबला. मारोतरावांनी माझ्या कानाशी सांगितलं, की महादू गेल्यापासून या घरचं एकही मेंढरू ओढा ओलांडून गेलेलं नाही. उन्हाळ्यात ओढा ठणठणीत कोरडा असतानाही धोंडिबा अलीकडच्या काठावरून कळप मागे फिरवायचा.

गोदाबाईनं भाकरी तव्यावर टाकली, वर पाणी फिरवलं. चुलीतलं एक लाकूड मागे ओढलं.

“न्हे की,” ती म्हणाली. “पन दिवस बुडायच्या आत ये.”